मदत हवी आहे : कॅटलोनियातील चांदणीच्या झेंड्याची रचना आणि अर्थ

नमस्कार.

दोन वर्षांपासून मी कुटुंबासह बार्सिलोनात राहते. आमच्या गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो, आणि त्यासाठी इथल्या घरांच्या सज्जांवरून सोडलेल्या झेंड्यांविषयी मी एक लेख लिहायला घेतला आहे. अंकाच्या चित्रकारांनी लेखासाठी एका झेंड्याचे चित्र काढून पाठवले. त्याखाली ‘कॅटलोनियाचा ध्वज’ अशी ओळ लिहून मी ते शेजारच्या आजींना दाखवले. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि शांतपणे सांगितले की हा कॅटलोनियाचा ध्वज नव्हे. कॅटलोनिया स्पेनपासून स्वतंत्र व्हावा असे ज्यांना वाटते त्यांचा हा झेंडा आहे, आणि आपण त्यांच्यापैकी नाही. दर ११ सप्टेंबरला, म्हणजे कॅटलोनियाच्या राष्ट्रीय दिनी, त्यांच्या सज्जातही झेंडा असतो, पण त्यावर चांदणी नसते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. ती ओळ तशीच छापली गेली असती, तर त्यांच्यासारख्या असंख्य लोकांच्या झेंड्याला त्यांना मान्य नसलेला अर्थ मी चिकटवला असता. म्हणून नीट समजून घेऊनच लिहायचे ठरवले आहे.

मला आतापर्यंत कळले ते असे. पिवळ्या भूमीवर तांबडे पट्टे असलेला अधिकृत ध्वज म्हणजे ‘सेन्येरा’. त्याच झेंड्यावर काठीच्या बाजूला निळा त्रिकोण आणि त्यात पाच टोकांचा पांढरा तारा घातला की तो ‘एस्तेलादा’ होतो. कॅटलान भाषेत ‘एस्तेल’ म्हणजे तारा, म्हणून चांदणी असलेला झेंडा तो एस्तेलादा. यापुढे मात्र माझा गोंधळ आहे. सगळे जण ‘चार पट्टे’ म्हणतात, आमच्या चित्रात आठ आहेत आणि समोरच्या सज्जातल्या झेंड्यावर मी नऊ मोजले. त्रिकोणाचा आणि ताऱ्याचा अर्थ ज्याला विचारावा तो वेगळा सांगतो. काही झेंड्यांवर त्रिकोण पिवळा आणि तारा तांबडा दिसतो, तो कोणाचा? शिवाय एका परिचिताने रक्तात बुडवलेल्या चार बोटांची गोष्ट सांगितली, ती लेखात घ्यावी की नाही, हेही ठरत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमची मोजणी बरोबर आहे आणि ‘चार पट्टे’ हेही बरोबर आहे. पिवळा रंग ही भूमी आहे आणि तिच्यावर चार तांबडे पट्टे आहेत. त्यामुळे वरून खाली मोजत गेल्यास पाच पिवळे आणि चार तांबडे असे नऊ भरतात, आणि वरची व खालची अशा दोन्ही कडा पिवळ्याच राहतात. कॅटलोनियाच्या २००६ सालच्या स्वायत्तता कायद्यातही ध्वजाचे वर्णन पिवळ्या भूमीवर चार तांबडे पट्टे असेच आहे. तुमच्या चित्रकारांनी चार-चार धरले असावेत, म्हणून एक कड तांबडी झाली असेल. ती आवर्जून सुधारून घ्या, कारण तिथल्या माणसाच्या नजरेला ही चूक लगेच खुपते.

बोटांची गोष्ट पट्ट्यांची आहे, ताऱ्याशी तिचा काही संबंध नाही. बार्सिलोनाचा काउंट (सरदार) गिफ्रे लढाईत जखमी झाला, तेव्हा फ्रँक राजा चार्ल्स याने त्याच्या जखमेतील रक्तात चार बोटे बुडवून ती सोनेरी ढालीवरून ओढली, अशी ती कथा. गिफ्रेचा मृत्यू ८९७ सालचा. चार्ल्स त्याच्या वीस वर्षे आधी, ८७७ मध्येच वारला होता. ढालींवर घराण्यांची चिन्हे रंगवण्याची रीत युरोपात बाराव्या शतकात रुजली आणि ही कथा लिहिलेली आढळते ती सोळाव्या शतकात. आख्यायिका म्हणून ती अवश्य द्या, ती सुंदरच आहे. इतिहास म्हणून देऊ नका. हे पट्टे मुळात बार्सिलोनाचे काउंट आणि आरागॉनचे राजे यांच्या घराण्याचे चिन्ह आहेत, त्यामुळे ते आरागॉन, वॅलेन्सिया आणि बॅलेआरिक बेटे यांच्या ध्वजांवरही आढळतात. वॅलेन्सियाच्या ध्वजाला काठीकडे निळी पट्टी असते, तेव्हा केवळ निळा रंग पाहून एस्तेलादा समजू नका.

एक गोष्ट तुमच्या लेखाच्या विषयाला धरून सांगतो. जुन्या ढालीवर हे पट्टे उभे होते, ध्वजावर ते आडवे झाले. सज्जाच्या कठड्यावरून झेंडा खाली सोडला की ते पुन्हा उभे होतात आणि त्रिकोण वर जातो. सज्जातला झेंडा अशा रीतीने नकळत जुन्या ढालीचे रूप घेतो.

प्रतिसाद २

त्रिकोण आणि तारा यांचे मूळ अटलांटिकच्या पलीकडे आहे. बार्सिलोनाचे व्हिसेन्स आल्बेर्त बायेस्तेर (१८७२ ते १९३८) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा झेंडा कल्पिला, आणि त्यांच्यासमोर क्युबा व पोर्तो रिको यांचे झेंडे होते. या दोन्हींवर काठीकडे त्रिकोण आणि त्यात एकच पांढरा तारा आहे. क्युबाचा त्रिकोण तांबडा, पोर्तो रिकोचा निळा. १८९८ मध्ये ही दोन्ही बेटे स्पेनच्या हातून गेली आणि १९०२ मध्ये क्युबाचे प्रजासत्ताक उभे राहिले. स्पेनपासून वेगळे होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या कॅटलान माणसाला त्या एकट्या ताऱ्यात काय दिसले असेल, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा ‘तारा म्हणजे काय’ याचे सर्वांत भक्कम उत्तर ‘स्वतंत्र राज्य’ हेच आहे. निळा रंग म्हणजे आकाश, त्रिकोण म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता, असेही अर्थ सांगितले जातात. यातला दुसरा अर्थ क्युबाच्या त्रिकोणाविषयी रूढ आहे, त्यामुळे तो एस्तेलादाला लावताना ‘असेही मानतात’ एवढेच लिहावे.

क्युबाशी असलेले नाते पुढेही टिकले. स्वातंत्र्यवादी कॅटलान नेते फ्रान्सेस्क मासिया यांच्या चळवळीने १९२८ मध्ये नियोजित कॅटलान प्रजासत्ताकाची हंगामी राज्यघटना संमत केली ती हवाना येथे, तिथे स्थायिक झालेल्या कॅटलान लोकांच्या मदतीने. मात्र ‘कॅटलोनिया क्युबाच्या बाजूने होता’ असे सरसकट वाक्य कृपया लिहू नका. एकोणिसाव्या शतकात बार्सिलोनाच्या अनेक धनिकांची संपत्ती क्युबातील व्यापारातून आणि गुलामांच्या श्रमातून उभी राहिली होती. मला हा झेंडा समजून घेताना ही दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही.

प्रतिसाद ३

पिवळ्या त्रिकोणातला तांबडा तारा हा डाव्या विचारांच्या स्वातंत्र्यवाद्यांचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘पीसान’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा समाजवादी पक्ष निघाला आणि त्याच्या वर्तुळातून हा प्रकार पुढे आला. तारा समाजवादाचा आणि सगळा झेंडा दोनच रंगांचा, त्यामुळे तो लांबूनही ओळखू येतो. निळ्या प्रकाराला ‘ब्लावा’ म्हणतात. निळा झेंडा लावणारा उजव्याच विचारांचा असतो असा निष्कर्ष मात्र काढू नये; तो चळवळीचा सर्वसाधारण झेंडा आहे.

हा झेंडा अधिकृत नाही म्हणजे व्यवहारात काय, हेही लेखात यावे असे वाटते. कायद्याने ठरवलेले माप नसल्यामुळे त्रिकोणाचा आकार आणि निळ्या रंगाची छटा प्रत्येक झेंड्यावर वेगळी दिसते. घराच्या सज्जात तो लावता येतो, सरकारी इमारतीवर मात्र वाद होतो. मे २०१६ मध्ये माद्रिदला बार्सिलोना आणि सेव्हिया यांच्यात स्पेनच्या राजचषकाचा अंतिम सामना होता. मैदानात एस्तेलादा आणण्यास सरकारी प्रतिनिधींनी मनाई केली आणि सामन्याच्या दोनच दिवस आधी न्यायालयाने ती मनाई उठवली. त्याच्या आदल्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या बर्लिनमधील अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी हेच झेंडे फडकवले, म्हणून युरोपीय फुटबॉल संघटनेने बार्सिलोना क्लबला ३०,००० युरो दंड केला होता.

११ सप्टेंबर हा १७१४ साली बार्सिलोना स्पेनचा राजा पाचवा फिलिप याच्या सैन्याच्या हाती पडल्याचा दिवस असल्याने त्या दिवशी दोन्ही झेंडे दिसतात. तुमच्या शेजारच्या आजींचा साधा सेन्येराही त्या दिवसाचाच आहे. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत त्यालाही बंदी होती, हे त्यांच्या वयाच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. चित्रकारांशी बोलले, ते नऊ पट्ट्यांचे चित्र पुन्हा काढून देणार आहेत, आणि आता एकाऐवजी दोन चित्रे शेजारी शेजारी छापायची असे ठरले आहे. पहिल्याखाली ‘सेन्येरा : कॅटलोनियाचा अधिकृत ध्वज’ आणि दुसऱ्याखाली ‘एस्तेलादा : कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्यांचा झेंडा’ अशा ओळी असतील. काल आजींना या ओळींचा मराठी मजकूर अर्थासह वाचून दाखवला. फ्रँकोच्या काळात आपल्या वडिलांनी सेन्येरा अंथरुणाच्या चादरींच्या घडीत ठेवला होता, असे त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या परवानगीने ते लेखात घेत आहे.

एकच शंका उरली आहे. ‘एस्तेलादा’साठी मराठीत ‘तारांकित ध्वज’ लिहिले तर वाचकाला अमेरिकेचा ध्वज आठवेल, अशी मला भीती वाटते. ‘चांदणीचा झेंडा’ हा शब्दप्रयोग लेखभर चालेल का, की मूळ नावच ठेवावे?