फ्रान्सच्या खेड्यांतून सायकल: गाड्या कमी असलेले रस्ते कसे शोधायचे?

चाकोरीबाहेर

मागच्या वर्षी आम्ही दोघांनी लुआर नदीकाठानं ब्ल्वा ते सोम्यूर सायकल चालवली. रस्ता सपाट, पाट्या चोख, चुकायला जागाच नाही. पण आमच्यासारखे पॅनियर (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या) लावलेले इतके लोक होते की काही ठिकाणी जत्रेतून चालल्यासारखं वाटलं, आणि मुक्कामाच्या खोल्या तर दोन महिने आधी शोधूनही मिळेनात. परतताना बायको म्हणाली, पुढच्या वेळी कोंबडा आरवलेला ऐकू येईल अशा ठिकाणी जाऊ.

तर या जूनमध्ये सात दिवस आहेत. रोज ५०-६० किलोमीटर, मधूनमधून चढ चालेल. सायकली टूरिंगच्या, टायर ३२ मिमी. फ्रान्समध्ये 'डी' नंबरचे, म्हणजे जिल्ह्याच्या ताब्यातले, रस्ते शांत असतात असं सगळीकडे वाचलं. म्हणजे कुठलाही 'डी' धरला तरी चालतो का? बायकोला ट्रकची भीती आहे. एक जरी अंगावरून गेला तरी तिचा तो दिवस संपतो.

सपाटप्रेमी

ट्रकची एवढी भीती असेल तर रस्ताच नको. ब्रिटनीत नांत ते ब्रेस्त कालव्याकाठची वाट घ्या. साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे, जवळजवळ सगळीकडे मोटारींना मज्जाव. वाटेत होड्यांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारी दोनशेहून जास्त दारं, म्हणजे लॉकगेट आहेत आणि चढ असला तर तो लॉकगेटपाशी दहा पावलांचा. जमीन बारीक खडीची आहे, ३२ चे टायर पुरतात. पाऊस मात्र गृहीत धरा.

मागचं चाक

सपाटप्रेमींची वाट छान आहे, पण तीन दिवस पाणी, झाडं, पाणी, झाडं पाहून मला झोप यायला लागली होती. ज्याची त्याची आवड.

'डी' म्हणजे शांत, ही समजूत माझीही होती. पहिल्याच दिवशी ती उतरली. लॉत जिल्ह्यातल्या काओरहून उत्तरेला निघालो तो डी ८२० वरून. नकाशात 'डी' दिसला, मी निर्धास्त. पहिल्या अर्ध्या तासात इतके ट्रक गेले की नवरा एका पेट्रोल पंपावर सायकल आडवी टाकून म्हणाला, "हाच का तुझा शांत रस्ता?" रात्री मुक्कामाच्या मालकीणबाईंनी उलगडा केला. हा पूर्वीचा एन २०, पॅरिसहून स्पेनच्या सीमेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. २००६ च्या सुमारास सरकारनं असे हजारो किलोमीटर रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले. रस्ता तोच, फक्त पाटी बदलली. एन २० चा डी ८२० झाला, एन १४० चा डी ८४०. नवा आकडा नीट पाहिला की जुनं कूळ कळतं. आठशे-नऊशेच्या घरातला किंवा चार आकडी 'डी' दिसला की मी आधी त्याची चौकशी करते.

आता मी अक्षराकडे बघतच नाही. या रस्त्यानं मोटारवाला जाईलच कशाला, एवढंच विचारते. दोन मोठ्या गावांना जोडणारा सरळ रस्ता असला तर जाणारच. पण शेजारून जलद रस्ता असेल आणि हा आपला नदीच्या वळणांबरोबर भरकटत चालला असेल, तर त्यावर ट्रॅक्टर, टपालाची पिवळी गाडी आणि पाव आणायला निघालेले म्हातारबुवा, एवढेच भेटतात.

त्यासाठी कागदी नकाशा हवा. मिशेलिनचा, बारीकसारीक रस्तेही दाखवणारा घ्या. त्यात तांबडे रस्ते महत्त्वाचे, पिवळे दुय्यम आणि पांढरे गावकीचे. आपण पांढऱ्यांवर राहायचं. अगदीच पिवळ्यावरून जावं लागलं तर साडेबारा ते पावणेदोन या वेळात उरकून घ्यायचं, तेव्हा अख्खा देश जेवायला बसलेला असतो. रस्त्यावर बाणासारख्या खुणा असतात त्या चढाच्या. एक बाण ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३, तीन त्याच्याही वर. तीन बाण दिसले की मी उतरून ढकलते, त्यात काही लाज नाही. आणि हिरवी कड असलेल्या 'निसर्गरम्य' रस्त्यांना भुलू नका. तो नकाशा मोटारसायकलवाल्यांकडेही असतो आणि रविवारी ते सगळे तिथंच येतात. घरी बसून आखणी करायला सायकल डॉट ट्रॅव्हल ही वेबसाइट बरी, ते मुळातच कमी वाहतुकीचा रस्ता शोधतं.

तुम्हाला मी नैऋत्य फ्रान्समधला हाच लॉत जिल्हा सांगेन. चौरस किलोमीटरला जेमतेम ३३-३४ माणसं. लांबची सगळी वाहतूक ए २० हा मोटारमार्ग ओढून घेतो. सुरुवात फिजाकपासून करा (इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शांपोलियाँ इथलाच, १७९० चा जन्म). गावाबाहेर पडलं की सेले नदीच्या खोऱ्यात डी ४१ लागतो. तो नदीबरोबर वळत वळत खाली काँद्युशेला जातो, तिथं सेले लॉत नदीला मिळते. हे सगळं पन्नासेक किलोमीटर. एका दिवसात होतं, पण करू नका, दोन दिवस घ्या. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पिवळसर कडे, काही घरं तर कड्यालाच पाठ टेकून उभी आहेत. एस्पान्याकच्या जुन्या मठाशी आम्ही तासभर नुसते बसलो होतो, तेवढ्या वेळात दोन मोटारी गेल्या. मार्सियाकला पडक्या मठाशेजारी पहिला मुक्काम करा. पुढे काब्रेरेला पेश-मेर्लची गुहा आहे, १९२२ साली सापडलेली, भिंतीवर ठिपकेदार घोडे. रोज ठरावीक लोकांनाच आत सोडतात, तेव्हा तिकीट आधी काढा.

तिथून सँ-सिर्क-लापोपी. गाव कड्यावर आहे, म्हणजे शेवटी चढ आलाच. दुपारी तिथं बसभर माणसं असतात, संध्याकाळी सातनंतर गाव तुमचं. जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो, घाई नाही. दुसऱ्या दिवशी लॉतच्या दक्षिण काठानं काल्विन्याकवरून काजार्कला जा. समोरच्या उत्तर काठावरचा डी ६६२ सपाट आहे, पण मोटारीही त्याच्यावरच.

उरलेल्या दिवसांत वर कोसवर चढा. कोस म्हणजे चुनखडीचं पठार, आपला दोन मैलांचा कोस नव्हे. एकदा वर गेलं की खुजे ओक, दगडावर दगड रचलेल्या भिंती आणि मेंढ्या. इथल्या मेंढ्यांच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असतात, सगळा कळप चष्मा लावून तुमच्याकडे बघत राहतो. सावली नाही, पाणी नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

एक इशारा. 'ग्राव्हियों' (सुटी खडी) अशी पाटी दिसली की ब्रेक आधी, विचार नंतर. उन्हाळ्यात डांबरावर सुटी खडी पसरून ठेवतात आणि ती दाबायचं काम जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. मी उतारावर २५ च्या टायरनं त्यात शिरले होते. कोपरावरची खूण अजून आहे.

घाटउतार

मागचं चाक ताईंशी बराचसा सहमत. फक्त सेलेचं खोरं जुलै-ऑगस्टमध्ये निवांत नसतं, होड्या आणि तंबूवाले भरतात. चाकोरीबाहेर जूनमध्ये जातायत म्हणून ठीक.

त्याहून ओसाड हवं असेल तर लोझेर. अख्ख्या जिल्ह्यात ऐंशी हजारही माणसं नाहीत. पण चढ खरे आहेत, ५०-६० चा तुमचा हिशेब ४० वर येईल. मध्य फ्रान्समधल्या मिलव्हाशच्या पठारावरही शांतता आहे, पण तिथं पाइनची जंगलं आहेत आणि कामाच्या दिवशी लाकडांचे ट्रक त्याच अरुंद रस्त्यांवरून येतात. गावकीचा रस्ता आहे म्हणून ट्रक येणारच नाही असं नसतं. वहिनींना भीती असेल तर तो भाग रविवारी करा. शरद ऋतूत मात्र रविवार नको, शिकारी निघतात.

चाकोरीबाहेर

ठरलं, सेले. डी ८२० चं वाचून बायको तुमच्या यजमानांच्या बाजूनं झाली आहे. दोन प्रश्न. सायकली फिजाकपर्यंत कशा न्यायच्या? आणि इतक्या ओसाड भागात खाण्यापिण्याचं काय?

मागचं चाक

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनहून लिमोझ-ब्रीव-काओरकडे जाणारी इंटरसिटी घ्या. सायकलीसाठी १० युरोचं वेगळं आरक्षण लागतं आणि जागा मोजक्या, म्हणून तिकिटाबरोबरच काढा. ब्रीवला उतरून टीईआर ही प्रादेशिक गाडी पकडा. ती रोकामादूरवरून फिजाकला येते.

खाण्याचं गणित वेळेचं आहे. दुकानं बाराला बंद होतात ती दोन, अडीचला उघडतात. रविवारी दुपारनंतर काही मिळत नाही आणि पाववाल्यांची सुट्टी बऱ्याचदा सोमवारी. एका सोमवारी आम्ही साडेबाराला एका गावात पोचलो, बेकरी बंद, कॅफे बंद. पिशवीत रोकामादूरच्या दोन चकत्या होत्या. बकरीच्या दुधाचं चीज, एक चकती ३५ ग्रॅमची. पावाशिवाय खाल्ल्या, वर कोमट पाणी. तेव्हापासून अर्धा पाव कायम सायकलीला बांधलेला असतो.

पाण्यासाठी गावाचं स्मशान शोधा. चर्चजवळ किंवा गावाच्या वेशीवर असतं, आणि फुलांना घालायला आत बहुतेक ठिकाणी नळ असतो. मला पहिल्यांदा बाटली धरायला जीव होईना. नवऱ्यानं भरून दिली.

ट्रकबद्दल वहिनींना एवढं सांगा की गावाबाहेर सायकल ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा तिथं कायदा आहे. वळणावर तर समोरचं दिसेपर्यंत लोक मागे थांबून राहतात. मलाच शेवटी कसंतरी व्हायचं आणि मी कडेला घ्यायचे.

चाकोरीबाहेर

रेल्वेची तिकिटं आज काढली. फिजाकमध्ये रविवारी संध्याकाळी पोचतोय, म्हणजे सोमवारचा पाव पॅरिसहूनच न्यावा लागणार. बायको विचारते आहे की स्मशानातल्या नळाचं पाणी उकळून घ्यायचं का.

मागचं चाक

नळावरची पाटी वाचायची. 'नाँ पोताब्ल' (पिण्याजोगं नाही) लिहिलं असेल तर फक्त तोंड धुवायला. पाटीच नसेल तर शेजारच्या घरी बाटली दाखवा. आम्हाला एका आजींनी पाणी तर दिलंच, वर जर्दाळूही दिले.