आत्माहुती म्हणजे आत्मदहन नव्हे
आत्माहुती म्हणजे आत्मदहनच ना, असं विचारलंय म्हणून लिहितो. नाही, फरक आहे. आहुती म्हणजे होमात देवतेला उद्देशून टाकलेलं तूप वगैरे, मूळ धातू 'हु', ज्यावरून हवन, होम, हुत हे सगळे आले. तर आत्माहुतीत आग फक्त शब्दात आहे, माणूस गोळी लागून गेला किंवा उपोषणात गेला तरी चालतं, मुद्दा एवढाच की कशासाठी तरी स्वतःला देऊन टाकलं. क्रांतिकारक जतींद्रनाथ दास १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपोषण करून गेले, ती आत्माहुतीच, पण तिला आत्मदहन कसं म्हणणार? आत्मदहन मात्र शब्दशः जाळून घेणं, म्हणून पेपरात 'आत्मदहनाचा इशारा' असतो, 'आत्माहुतीचा इशारा' कधी वाचलाय? आत्माहुती हा शब्द सहसा मागून इतरांनी द्यायचा असतो. हुतात्मा त्याच घरातला, हुत अधिक आत्मा, आणि भाववाचक नाम हौतात्म्य, 'हुतात्म्य' नाही (ही चूक फार दिसते). बाकी 'प्राणांची आहुती दिली' एकदम ठीक, पण भाषणात 'प्राणांची आत्माहुती दिली' ऐकलं की डोकं फिरतं, आत्म आधीच आलाय ना त्यात, मग वर पुन्हा प्राण कशाला राव?