समोरचा चुकीचा बॉल मारतोय, सांगायचं का?

क्यूवाला_दादर: परवा पूल लीगची एट-बॉल मॅच, समोरच्याचे स्ट्राइप्स (पट्टेवाले बॉल) आणि तो वाकून चक्क माझ्या सॉलिड (एकरंगी) 3 नंबरवर नेम धरतोय, मी गप्प, त्याने मारला, मी फाउल म्हटलं आणि व्हाइट बॉल हवा तिथे ठेवायला हातात घेतला. आता पोरं चिंधीगिरी म्हणतायत. काय चुकलं?

गिरगावकर: काही नाही रे. आपला ग्रुप लक्षात ठेवणं त्याचं काम. फ्रेंडली असती तर गोष्ट वेगळी.

रॅकमास्तर: नाइन-बॉलमध्ये (पूलचाच दुसरा प्रकार) मात्र एक सांगावंच लागतं. एकाच रॅकमध्ये, म्हणजे एका डावात, लागोपाठ 3 फाउल झाले की रॅक गेला, पण दुसऱ्यानंतर 'दोन झाले' असं बजावलं नसेल तर तिसऱ्यावर रॅक मागता येत नाही. आणि फाउल लगेच बोलायचा, पुढचा शॉट झाल्यावर आठवून उपयोग नाही.

परळचा_पोट्टा: नियम ठीक, पण रोज त्याच टेबलावर खेळायचंय ना? मी सरळ बोलतो, 'भाऊ, तुझे स्ट्राइप्स'. फायनल असेल तर मात्र तोंडाला कुलूप 😄

क्यूवाला_दादर: गंमत म्हणजे तो स्वतः काल हसत खेळला, भडकलेत ते बघणारेच.