ई-सायकलसाठी स्वस्त, प्रखर आणि पावसात टिकणारा हेडलाइट : मदत हवी आहे

नमस्कार.

गुहागरच्या बाजारपेठेतील एका औषधांच्या दुकानात मी हिशेबाचे काम पाहतो. दुकान रात्री नऊला बंद होते आणि त्यानंतर पालशेतच्या बाजूला असलेल्या आमच्या वाडीपर्यंत मी सायकलने येतो. चढणीला दम लागू लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी जुन्या सायकलीच्या मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर आणि दांडीवर ३६ व्होल्ट, ७.५ ॲम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी बसवून घेतली. ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या अशा सायकलीला नोंदणी लागत नाही, ही मोठी सोय आहे. मात्र बहुधा त्यामुळेच संच विकणारे दिव्याचा फारसा विचार करत नाहीत. संचाबरोबर मिळालेल्या दिव्यामुळे मी येत असल्याचे समोरच्याला कळते, पण मला रस्ता दिसत नाही.

रस्ता अरुंद आहे, बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आहेत आणि विजेचे खांब वाडी संपली की संपतात. पावसाळ्यात कडेची लाल माती डांबरावर वाहून येते आणि ओले डांबर व ओली माती मिळून दिव्याचा प्रकाश गिळून टाकतात. गुरे रस्त्याच्या मधोमध बसलेली असतात. गाय निदान डोळे चमकल्यामुळे कळते, पण आपल्याकडे पाठ करून बसलेली म्हैस अंधारातून वेगळी काढताच येत नाही. गेल्या श्रावणात अशाच एका म्हशीपासून हातभर अंतरावर मी कसाबसा थांबलो. ती उठलीसुद्धा नाही.

त्यानंतर घाईघाईने सहाशे रुपयांचा एक हँडलवर बसवायचा दिवा ऑनलाइन मागवला. खोक्यावर १०,००० ल्यूमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) आणि आतल्या एकाच सेलवर ९,९०० मिलिॲम्पिअर-तास असे छापले होते. चांगल्या एलईडीपासून एका वॅटला शंभर-सव्वाशे ल्यूमेन मिळतात हे नंतर वाचले, तेव्हा तळहाताएवढ्या दिव्यातून १०,००० ल्यूमेन निघणे शक्य नाही हे उमगले. त्या मापाच्या उत्तमातल्या उत्तम सेलची क्षमताही साधारण ३,५०० पर्यंतच असते. तरीही माझी खरी तक्रार या आकड्यांबद्दल नाही. त्या दिव्याचा झोत बॅटरीच्या टॉर्चसारखा गोल होता, त्यामुळे निम्मा प्रकाश माडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत जात असे. लोक थांबून बोल लावत, आणि त्यांचे चुकतही नव्हते. पुढे पावसात त्याच्या काचेच्या आत दव धरले आणि दिवा बंद पडला.

आता मिरग लागण्यापूर्वी काहीतरी कायमचे करावे असे मनात आहे. खर्चाची मर्यादा दीड हजार रुपये आहे. फारच गरज असेल तर दोन हजारांपर्यंत जाईन. माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. ई-सायकलसाठीच बनवलेला, ३६ ते ४८ व्होल्टवर थेट चालणारा आणि वरच्या बाजूने झोत कापलेला दिवा घ्यावा, किंवा मोटारसायकलला लावतात तसा १२ व्होल्टचा छोटा एलईडी दिवा घेऊन मध्ये व्होल्ट उतरवणारा कन्व्हर्टर बसवावा. दुसरा पर्याय स्वस्त पडतो आणि दिवा बिघडला तर नवा गुहागरातच मिळतो. येथील एका कारागिराने तिसराच मार्ग सुचवला आहे. बॅटरी उघडून तिच्यातील सेलच्या दहा जोडांपैकी तीन-चार जोडांवरून परस्पर १२ व्होल्ट काढावेत, म्हणजे कन्व्हर्टरचा खर्च वाचेल, असे त्याचे म्हणणे आहे. मला ते पटलेले नाही, पण का पटत नाही हे त्याला सांगता येत नाही.

दहा वॅट पुरतील का, वायर कुठून घ्यावी आणि आमच्या खाऱ्या हवेत हे सारे टिकवावे कसे, याबद्दल ज्यांनी स्वतः असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (मालवणहून)

मी होड्यांवरील दिव्यांची आणि इंजिनांची वायरिंग करतो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अधिकाराने देऊ शकेन. बाकीचे माझ्या स्वतःच्या सायकलीच्या अनुभवावरून सांगतो.

सर्वप्रथम, बॅटरी उघडू देऊ नका. तीन-चार जोडांवरूनच रोज वीज काढली तर ते इतरांच्या आधी रिकामे होतात. चार्ज करताना बाकीचे जोड आधी भरतात आणि आतले संरक्षक सर्किट तेथेच चार्जिंग थांबवते, म्हणजे हे जोड कायम उपाशी राहतात. काही महिन्यांत संपूर्ण बॅटरीची धाव कमी होते आणि दोष मात्र बॅटरीला लागतो. कन्व्हर्टरचे दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी हजारो रुपयांची बॅटरी पणाला लावण्यात अर्थ नाही. कन्व्हर्टर घेताना तो ६० व्होल्टपर्यंत चालणारा आहे ना, हे पाहावे, कारण ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते.

दहा वॅटचा खर्च किरकोळ आहे. तुमच्या बॅटरीत सुमारे २७० वॅट-तास वीज आहे. अर्ध्या तासाच्या प्रवासात कन्व्हर्टरची घट धरूनही दिवा सहा वॅट-तास घेईल, म्हणजे जेमतेम दोन टक्के. हाच दिवा ३५ वॅटच्या जुन्या हॅलोजनचा असता तर मी नको म्हटले असते.

मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरमधून निघणारी दिव्याची वायर वापरण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजून घ्या. काही संचांत तिच्यावर बॅटरीचाच पूर्ण दाब असतो, काहींत ६ किंवा १२ व्होल्ट असतात, आणि तिची प्रवाह देण्याची क्षमता बेताची असते. शंका असल्यास बॅटरीपासून स्वतंत्र वायर घेऊन सुरुवातीलाच एक ॲम्पिअरचा फ्यूज आणि पुढे स्विच बसवावा. मात्र बॅटरी तळाला जाऊन संरक्षक सर्किटने तोडली की दिवाही त्याच क्षणी जातो. उतारावर असे झाले तर काय, याचा विचार करून एक छोटी टॉर्च खिशात असू द्यावी.

आता खारी हवा. वायरींची टोके नुसती पिळून वर टेप गुंडाळू नका. टेप एका पावसात सुटते आणि तांबे हिरवे पडते. शक्य असल्यास होड्यांना वापरतात ती कथील चढवलेली तांब्याची वायर घ्या, सांध्याला डाग (सोल्डर) द्या आणि वर गोंद असलेली आकसणारी नळी चढवा. दिव्यात शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी आत न जाता झोळातून टपकते. हा झोळ फुकट आहे आणि माझ्या मते महागड्या दिव्याइतकाच उपयोगी आहे.

प्रतिसाद (अलिबागहून)

वॅट आणि ल्यूमेन यांपेक्षा प्रकाश कोठे पडतो हे पाहावे. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. म्हैस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दहा मीटर जातात आणि ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी आठ-दहा. तेव्हा निदान तीस मीटरपर्यंत स्पष्ट दिसायला हवे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो; दहा मीटरवर ४० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) असेल तर वीस मीटरवर १० उरतात. म्हणून झोत वरून सपाट कापलेला आणि कापाच्या लगेच खाली सर्वांत तेज असलेला दिवा घ्यावा. जर्मनीत सायकलच्या दिव्याला मान्यता लागते आणि मान्य दिव्यावर नागमोडी रेघ व ‘के’ अक्षर असते. तसा मूळ दिवा तुमच्या खर्चात बसणार नाही, पण झोताचा आकार कसा असावा हे त्याच्या छायाचित्रांवरून कळते.

दिवा हँडलवर न लावता पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वरच्या टोकाला लावून पाहा. खालून येणाऱ्या प्रकाशामुळे खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात, आणि पावसाचे थेंबही डोळ्यांसमोर तितके चमकत नाहीत. रंग ६,५०० केल्विनचा निळसर न घेता ४,०००च्या आसपासचा घ्यावा. ओल्या रस्त्यावर तो मला तरी बरा वाटतो.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कारागिराला काय सांगायचे ते आता कळले. १२ व्होल्टचा, कापलेल्या झोताचा दहा वॅटचा दिवा आणि कन्व्हर्टर असे ठरवले आहे. दोन्ही मिळून साडेबाराशेच्या आसपास जातील. मालवणच्या दादांना एकच विचारायचे आहे : दिव्याचे कवच ॲल्युमिनियमचे आहे आणि मी स्टेनलेसचे बोल्ट आणले आहेत. चालतील का?

प्रतिसाद (मालवणहून)

चालतील, पण कोरडे लावू नका. दोन वेगळे धातू आणि खारे पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडू लागते आणि बोल्ट तेथेच धरतो. आट्यांना भरपूर ग्रीस लावा, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला आणि गणपतीच्या आधी एकदा उघडून पाहा.