साचेवाल्या क्लेनं बोटांत खरंच जोर येतो का?

सव्वाचार_वर्षांची_आई
माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. ज्युनिअर केजीच्या बाई पालकसभेत म्हणाल्या, "पेन्सिल मुठीत धरतो, बोटांत जोर नाही, घरी क्ले द्या." म्हणून बाराशे रुपयांचा सेट आणला. साचे, प्लास्टिकची सुरी, शेवया पाडायचं मशीन, सगळं आहे त्यात. तीन आठवडे झाले. तो क्ले साच्यात कोंबतो, तळहातानं दाबतो, पिझ्झा निघतो, डायनासोर निघतो. तासभर रमतो, पण पेन्सिल अजून मुठीतच. काल साचे वर ठेवले आणि नुसता गोळा दिला, तर दोन मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, "आई, याचं काय करायचं?" मला ते फार लागलं. आता माझं स्पष्ट मत झालंय: क्ले हवी, पण साचे नकोत. काम सगळं साचा करतो, मुलाच्या बोटांना काही उरतच नाही. कुणाला वेगळं वाटतं का?

आजीचं_घर
मला तर क्लेचीच गरज वाटत नाही. आमच्या लहानपणी घरात लग्न निघालं की आजी आम्हा पोरींना गव्हले करायला बसवायची. रव्याच्या भिजवलेल्या पिठाची इवलीशी चिमूट घ्यायची आणि अंगठा-तर्जनीत वळून गव्हाएवढा दाणा करायचा. ताटभर व्हायचे. आजही मटार सोलणं, शेंगा फोडणं, कापसाच्या वाती वळणं, चिमटीनं रांगोळी सोडणं हे सगळं घरात आहेच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला (पालघर जिल्ह्यात) बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं खेड्यातल्या मुलांना परवडणार नाहीत हे ओळखून बिया, शिंपले, पानं यांतून साधनं उभी केली. आणि आपण बाराशे रुपये मोजतोय!

थेरपिस्ट_नाशिक
मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे खाणं, बटणं लावणं, लिहिणं अशी रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून उपचार करते. धागाकर्तीचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. साचा दाबताना जोर येतो तो खांद्यातून आणि तळहातातून. पेन्सिलीला लागतो तो तळव्यातल्या लहान स्नायूंचा जोर, आणि अंगठ्याचं टोक बाकी बोटांच्या टोकांना भेटणं. गोळ्यातून चिमूट तोडणं, तीन बोटांत वाटाण्याएवढी गोळी वळणं, दोन तुकड्यांची जोड बोटानं लिंपणं, यात ते होतं. मी गोळ्यात राजमे दडवते आणि मुलांना बोटांनी उकरून काढायला लावते. (समोर बसूनच हं, राजमा नाकात घालणारी मुलं रोज भेटतात.) अजून एक करून बघा: रंगीत खडूचा दोन सेंटिमीटरचा तुकडा द्या. तो मुठीत धरून काढताच येत नाही, चिमटीतच घ्यावा लागतो.

आणि ताई, सव्वाचारला पकड पक्की नसणं काही अघटित नाही. मात्र बटणं अजिबात जमत नसतील, चमच्यानं खाताना सतत सांडत असेल, तर एकदा दाखवून घ्या.

आकडे_तपासा
थोडं विरोधी लिहितो. 2011 साली हस्ताक्षर सुधारण्याच्या उपायांवरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. ज्या उपायांत प्रत्यक्ष लिखाणाचा सराव नव्हता, त्यांनी अक्षर सुधारलं नाही, असं त्यात निघालं. क्ले वळणारं मूल क्ले वळण्यात तरबेज होईल. लिहायचं असेल तर लिहावं लागतं. 'क्ले द्या' हे शाळांचं सोपं उत्तर झालंय, आणि त्यावर खेळण्यांचा बाजार चाललाय. यात पालकांचा वेळ, पैसा आणि झोप तिन्ही जातं, म्हणून चिडून लिहितोय.

थेरपिस्ट_नाशिक
@आकडे_तपासा, तो मुद्दा मलाही मान्य आहे, आठ वर्षांच्या मुलाला मीही क्ले देऊन बसवत नाही, लिहायलाच बसवते. पण ते अभ्यास शाळेत लिहू लागलेल्या मुलांचे होते. सव्वाचारच्या मुलाकडून लिखाणाचा सराव करून घेतला तर मुठीची पकडच पक्की होते, आणि ती सोडवायला पुढे वर्ष जातं. या वयात क्लेचं काम अक्षर सुधारणं हे नाहीच, हात तयार करणं हे आहे.

चिकट_नको
साच्यांना सरसकट नावं ठेवू नका. माझी लेक चिकट काहीही हाताला लावू द्यायची नाही. वरणभाताचं बोट लागलं तरी रडून घर डोक्यावर. शेवयांच्या मशीनमुळे ती पहिल्यांदा क्लेजवळ आली, कारण दांडा दाबायचा, हात भरत नाहीत. दोन महिन्यांनी शेवया उचलायला लागली, मग तोडायला, आणि आता गोळ्यात कोपरापर्यंत हात घालते. साचे नसते तर आम्ही दारातच अडलो असतो.

पेणचा_शाडूवाला
आमच्या कारखान्यात सुट्टीत आलेल्या पोरांना आधी गणपती देत नाहीत, उंदीर देतात. शेंगदाण्याएवढं अंग, त्याला दोन कान चिमटीनं ओढून काढायचे, शेपटीची वळी करायची आणि ओल्या बोटानं सांधा लिंपायचा. सांधा नीट बसला नाही की वाळताना शेपूट गळून पडते, मग पोरगं आपणहून दुसऱ्यांदा नीट करतं. बाजारातल्या क्लेत हे शिकणं नाही, कारण ती कशीही चिकटते. पण शाडू लहानग्याला जड जातो हेही खरं. हाताला घट्ट लागतो आणि कातडी कोरडी पडते.

बालवाडी_ताई
घट्टपणावरून आठवलं. आज जगभर मिळणारं प्ले-डो आधी भिंतीवरचा कागद साफ करायचा लगदा होता. अमेरिकेतल्या एका बालवाडी-शिक्षिकेनं तो मुलांना देऊन पाहिला आणि मुलं त्यात रमली. 1956 साली तो खेळणं म्हणून बाजारात आला. माझा अनुभव तोच, मऊपासून सुरुवात करायची. एक काळजी घ्या: त्यात गहू असतो, आणि घरच्या मैदा-मिठाच्या गोळ्यात भरपूर मीठ. गव्हाची ॲलर्जी असलेलं किंवा सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर हे नको.

आजीचं_घर
मग कणीकच द्या की! पोळ्या करताना सुपारीएवढा गोळा. खेळून झालं की चिमणीला.

सव्वाचार_वर्षांची_आई
@चिकट_नको, तुमचं वाचून साचे टाकून देणार होते ते थांबवलं. पण वरच्या फळीवरच राहतील. आज उंदीर करून पाहिला. अंग मी केलं, कान त्यानं ओढले. एक कान इतका ओढला की तुटून हातात आला, तो त्यानं थुंकी लावून परत चिकटवला आणि अंगठ्यानं दाबत बसला, बराच वेळ. दुसरा कान उद्या करतो म्हणाला. खडूचे तुकडे मोडून ठेवलेत.