ऐतिहासिक कादंबरी पायांनी लिहायची की कागदांवरून?

मांडवीकर:
मुंबईतल्या १८९६च्या प्लेगवर कादंबरी लिहायला घेतली आहे आणि डोळ्यांसमोर गुरू एकच, गो. नी. दांडेकर. त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्या वाचताना आपल्यालाच गड चढल्यासारखी धाप लागते. मावळा मावळ्यासारखंच बोलतो. हे आलं कुठून? जन्मभर गड तुडवले त्यातून. जागा पायाखालून गेल्याशिवाय काळ उभा राहत नाही, हे माझं ठाम मत. म्हणून सध्या मांडवी, मस्जिद बंदर पालथं घालतोय. गोदामांच्या तोंडाशी हमाल पाठीवर गोणी घेऊन अंगावर येतात, मिरचीचा खकाणा घशात बसतो. पहिलं प्रकरण तिथेच सुरू होतं.

दफ्तरी:
साफ नामंजूर. मग ऐतिहासिक कादंबरीकार नाथमाधवांचं काय करायचं? सिंहगडावर शिकारीला गेले, कड्यावरून पडले, कमरेखाली लुळे झाले. गड चढणं संपलं आणि लेखन त्यानंतर सुरू झालं. 'स्वराज्य' मालिका आमच्या आजोबांच्या पिढीने अक्षरशः पारायणं करून वाचली.
शिवाय राजगड जागचा हलत नाही, मुंबई हलते. प्लेगमुळे १८९८ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला. तुमचा नायक १८९६ला तिथून चालला की कादंबरी आपटली! ट्रामसुद्धा घोड्यांची हवी, विजेची १९०७ची. पाय हे सांगत नाहीत. काळा घोड्याला पुराभिलेखागारात बसा.

मांडवीकर:
नकाशा जुनाच धरणार, त्यात वाद नाही. पण कागद कुठवर नेतो? २९ ऑक्टोबर १८९६ला गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, एवढं कागद सांगेल. मांडवीहून भायखळा, चिंचपोकळी करत तापाने फणफणलेल्या बायकोला तिथवर न्यायचं म्हणजे काय? माणूस कुठे टेकेल, कुठल्या वळणावर त्याला मागे फिरावंसं वाटेल, हे ते अंतर स्वतः तोडल्याशिवाय कसं कळणार? गोनीदांकडून मी हेच शिकलो.

परळची वाचक:
दोघंही बोलीकडे नीट बघत नाही आहात. मला गोनीदा आवडतात ते त्यांच्या कानासाठी. तुमची माणसं बोलणार कशी? हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्याच दशकातली आणि तिची नायिका यमू, तिचं बिऱ्हाड मुंबईतही होतं, म्हणून ती जरूर वाचा. पण ती पांढरपेशा घरातली मराठी. बंदरावरचा घाटी हमाल आणि गिरणीतला रत्नागिरीचा माणूस यमूसारखे बोलले तर मी दुसऱ्या पानावर पुस्तक मिटेन.

दफ्तरी:
अगदी बरोबर. आणि ती बोली आज मस्जिद बंदरला हिंडून मिळणार नाही. जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह बघा, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. म्हणजे पुन्हा कागदच.

मांडवीकर:
जातो, नक्की जातो. पण त्या ओव्या ज्यांनी गोळा केल्या, त्यांनी घरोघरी जाऊन बायकांच्या तोंडूनच ऐकल्या ना?