आटलेला स्वेटर, बसलेला केक

(फोंड्यातल्या एका सोसायटीचा ग्रुप, श्रावणातला शनिवार)

बी-३०२, दुपारी ३.१२
नमस्कार. मन खट्टू झालंय, म्हणून इथेच लिहिते. बेळगावच्या भाचीच्या बाळासाठी दीड महिना स्वेटर विणत होते. आता पाऊस आहे, पण चोर्ला घाट चढून गेलं की तिकडे नोव्हेंबरपासून थंडी. १५० ग्रॅम लोकर, १० नंबरच्या सुया, पुढच्या बाजूला गुंफलेली वेणी. काल तो चुकून चादरींबरोबर मशीनमध्ये गेला, तोही गरम पाण्याच्या धुण्यात. बाहेर आला तो बाहुलीला बसेल एवढा. वेणी दिसतसुद्धा नाही. ताणून बघितला, ताणत नाही. काही उपाय आहे का कुणाकडे?

ए-१०४, ३.१५
अगं बाई! रोज संध्याकाळी तुला गॅलरीत विणताना बघत होते गं. फार वाईट वाटलं.

सी-१०१, ३.१९
ताई, लोकर शुद्ध होती की अॅक्रिलिक?

बी-३०२, ३.२०
शुद्ध. बाळाला टोचू नये म्हणून मुद्दाम मऊ घेतली होती.

सी-१०१, ३.३१
मग तो आता पूर्वीसारखा होणार नाही ताई. खोटी आशा दाखवत नाही. लोकरीच्या प्रत्येक धाग्यावर बारीक खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे. गरम पाणी, साबण आणि घुसळण हे तिन्ही एकत्र आले की ते खवले एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. त्यालाच नमदा होणं म्हणतात. थोडाच आटला असता तर कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर घालून, भिजवून, हलक्या हाताने ताणता आला असता. टाकेच दिसेनासे झाले म्हणजे ती वेळ गेली. पुढच्या वेळी लेबलवर मशीनमध्ये धुता येते असं लिहिलेली लोकर घ्या. त्यात हे खवले आधीच बोथट केलेले असतात. नाहीतर गार पाणी, न चोळता बुडवायचं, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून वाळवायचं. दोरीवर टांगलं तर लांबतं.

ए-२०३ काका, ३.४०
वहिनी, आमच्याकडेही आज सुतकच आहे. सकाळी केक लावला होता, १८व्या मिनिटाला लाईट गेली. तासाभराने आली. केक मधोमध विहिरीसारखा खचला.

बी-३०२, ३.४२
अरेरे काका! दार उघडून बघितलंत का मध्ये?

ए-२०३ काका, ३.४४
बघितलं ना. राहवलं नाही.

डी-००२, ३.५८
तिथेच गेला काका. अंडं आणि मैदा उष्णतेने घट्ट होऊन सांगाडा धरतात, तोवर केक नुसत्या हवेवर उभा असतो. त्याआधी गार वारा लागला की बसणारच. लाईट गेली तरी दार बंद ठेवायचं, आतली ऊब बराच वेळ राहते. मी तर पावसाळ्यात केक गॅसवर कुकरमध्येच लावते. तळाला वाटीभर मीठ, वर स्टँड, गास्केट आणि शिटी काढून टाकायची, पाणी अजिबात नाही. आधी १० मिनिटं रिकामा तापवायचा, मग मंद आचेवर ४०-४५ मिनिटं. आणि बसलेला टाकू नका. तुकडे करून थंड कस्टर्डमध्ये घाला, वर आंब्याचा साठवलेला रस. मुलं भांडतील त्यासाठी.

ए-२०३ काका, ४.०१
रस आहे. करतो.

ए-१०४, ४.०६
माझी बिस्किटं डब्यात दोन दिवसांत मऊ पडतात, ते पण सांगा कुणीतरी. कृतीत कुठे चुकते कळत नाही.

डी-००२, ४.१२
कृती नाही चुकत, ही आपली हवा आहे. साखर पाणी ओढून घेते. ओव्हन १५० अंशांवर ठेवून ५-७ मिनिटं परत भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच डबा लावा. कोमट असताना झाकलं की आत घाम धरतो. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून केलेली मरँग तर या दिवसांत करूच नका, सकाळपर्यंत चिकट.

सेक्रेटरी, ४.१५
पंप बंद केला आहे. वरच्या टाक्या भरल्या.

बी-३०२, ४.३३
काका, तुम्ही लिहिलंत म्हणून मलाही माझा एक केक आठवला. लग्न होऊन गोव्यात आले तेव्हा मला केक म्हणजे मैदा, एवढंच माहीत. तळमजल्यावरच्या मावशींनी नाताळात बाथ पाठवला. रवा आणि ओलं खोबरं, वरून पिठाच्या पट्ट्यांची जाळी. त्या चवीने मी वेडीच झाले. कृती विचारून दुसऱ्याच दिवशी केला. लोणी-साखर फेटली, अंडी, खोबरं, रवा, आणि लगेच ओव्हनमध्ये. सुरी लावली तर भुगा. रवा दातांत करकरत होता. मावशींनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, ‘रवो फुगूंक जाय, घाय करूं नाका.’ पीठ रात्रभर ठेवायचं असतं. खोबऱ्याचा आणि अंड्यांचा ओलावा रवा पिऊन घेतो, तेव्हा तो सुरीला सलग येतो. त्यानंतर दर नाताळात मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसते. बेबिंका, म्हणजे थरांचा गोड केक, त्याचा एकेक थर वरच्या आचेवर भाजून झाल्याशिवाय त्या दुसरा ओतत नाहीत. अर्धा दिवस जातो. मी तिथे विणकाम घेऊन बसते. एक थर होईतो चार ओळी होतात. मला विणण्यातला धीर तिथे सापडला.

ए-१०४, ४.३६
किती छान लिहिलंस गं.

सी-१०१, ४.४१
ताई, वाचता वाचता सुचलं. तो स्वेटर टाकून देऊ नका. नमदा झालेली लोकर कापली तरी उसवत नाही. कात्रीने बाह्या आणि पाठ कापा, दोन थर एकावर एक शिवा. ओव्हनमधलं गरम भांडं धरायला याहून चांगलं काही नाही. लोकर सहज पेट घेत नाही, फक्त कोरडी असली पाहिजे. ओली असली तर वाफ हाताला लागते. अॅक्रिलिकचं मात्र कधीही करू नका, ते वितळून कातडीला चिकटतं.

बी-३०२, ४.४३
कापायचं? हात धजावत नाही.

सी-१०१, ४.४४
मी येते. दोघी मिळून कापू.

बी-३०२, ४.४५
ये.

ए-२०३ काका, ५.०२
आमच्या हिला लोकर हवी आहे, स्वेटर नव्हे, मफलर. कपाटात ठेवली की वास येतो, त्याला काय?

बी-३०२, ५.०९
काका, ऊन पडलं त्या दिवशी दोन तास सावलीत पसरा. मग सुती पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. कडुनिंबाची पानं पूर्ण वाळवून घाला, ओली घातली तर बुरशी धरते. आणि वहिनींना सांगा, मफलरसाठी ८ नंबरची सुई घ्या. नंबर लहान म्हणजे सुई जाड, पहिल्यांदा विणणाऱ्याचा इथे नेहमी घोटाळा होतो. आधी दहा सेंटीमीटरचा चौकोन विणून टाके मोजायचे. आणि सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या. मी एकदा एक गुंडा कमी घेतला, आठवड्याने त्याच दुकानातून त्याच रंगाचा आणला, आणि पाठीवर सरळ पट्टा दिसला.

डी-००२, ५.१३
तो पूर्ण उसवलास?

बी-३०२, ५.१५
पूर्ण. उसवलेली लोकर कुरळी होते. लडी करून ओली केली, खाली वजन लावून टांगली. सकाळी सरळ. परत विणला. सांगायचं म्हणजे टाका सुटला तरी घाबरू नका, क्रोशाच्या सुईने खालून एकेक पायरी वर चढवत आणता येतो.

बी-३०२, रात्री ९.४७
कापला. सी-१०१ ने कापलं, मी शिवलं. भांडं धरायचे दोन तुकडे निघाले. एक माझ्याकडे, एक सकाळी मावशींना देऊन येते. बाळासाठी नवी लोकर सोमवारी आणते, मशीनमध्ये चालणारी. १२ नोव्हेंबरपर्यंत माझ्याकडे वेळ आहे. रवा भिजवून ठेवलाय. उद्या दुपारी चारला बाथ कापणार, ज्यांना यायचं त्यांनी या.

ए-२०३ काका, ९.५०
आम्ही दोघं येतो. ही सुया घेऊन येते.